छज्जा, गॅलरी, गच्ची: पावसाआधी काँक्रीटची डागडुजी

मे महिना निम्मा सरला की ठाण्यात आणि नवी मुंबईत हार्डवेअरच्या दुकानांबाहेर दोन गोष्टींचे ढीग लागतात: निळ्या ताडपत्र्या आणि वॉटरप्रूफिंगच्या २० लिटरच्या बादल्या. ताडपत्री निदान प्रामाणिक असते. चार महिने झाकते, ऑक्टोबरात निघते. बादलीचं तसं नाही. पोकळ गिलावा, उघड्या भेगा, तुंबणारं पाणी हे सगळं जागच्या जागी ठेवून वरून ब्रश फिरवला की दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत पापुद्रे सुटतात आणि खापर मालावर फुटतं. माल बहुतेक वेळा ठीक असतो, कामाचा क्रम उलटा झालेला असतो.

क्रम असा लावा: आधी पाण्याला वाट, मग गंजलेली सळई, मग भेग, आणि सगळ्यात शेवटी कोटिंग.

पाणी नेमकं काय बिघडवतं

काँक्रीट पाण्यात विरघळत नाही; धरणं त्याचीच बांधतात. घराचं काँक्रीट फुटतं ते आतल्या सळईपायी. ताज्या काँक्रीटचा पीएच १२.५ ते १३ असतो आणि एवढ्या क्षारतेत सळईवर एक अतिपातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत मुरतो, पीएच ९ च्या खाली येतो आणि तो थर नाहीसा होतो. त्यानंतर ओल आणि हवा मिळाली की गंज सुरू. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागतो. ती जागा आत नसते, म्हणून तो काँक्रीटलाच बाहेर ढकलतो. आधी सळईच्या रेषेत सरळ भेग दिसते, मग तांबूस डाग, मग टवका पडतो.

आपल्याकडे वर्षाचे दोन्ही भाग या कामाला हातभार लावतात. कार्बन डायऑक्साइड सगळ्यात वेगाने शिरतो तो हवेतली आर्द्रता ५० ते ७० टक्के असताना, म्हणजे साधारण आपल्या कोरड्या महिन्यांत. पुढे जून ते सप्टेंबर भरपूर पाणी मिळतं आणि गंज वाढतो. त्यात ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर, कळवा, कोपरी हा सगळा पट्टा खाडीलगतचा. हवेतलं मीठ काँक्रीटमध्ये गेलं, की पीएच चांगला असतानाही सळई गंजू शकते. जुन्या बांधकामांत खाडीची रेती न धुता वापरली असेल, तर मीठ पहिल्या दिवसापासून आतच आहे.

सळईवरच्या काँक्रीटच्या जाडीला कव्हर म्हणतात आणि इथे एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. कार्बन डायऑक्साइडची आत जाण्याची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ४० मिमी कव्हर पार करायला ४० वर्षं लागत असतील, तर त्याच काँक्रीटमध्ये २० मिमी पार करायला फक्त १० वर्षं लागतात. आयएस ४५६ (२०००) या काँक्रीटच्या भारतीय मानकात जोरदार पाऊस आणि आलटून-पालटून ओलं-सुकं होणाऱ्या भागाला ‘सिव्हिअर’ (तीव्र) वर्गात धरलं आहे. त्यासाठी ४५ मिमी कव्हर, किमान एम ३० ताकदीचं काँक्रीट आणि पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ सांगितलं आहे. जुन्या छज्ज्यात कव्हर १०-१५ मिमी निघालं तर कोणताही मिस्त्री चकित होत नाही.

आधी ठोकून बघा

पाव किलोची हातोडी घ्या आणि छज्ज्याची खालची बाजू, गॅलरीच्या कडा, बीमचा तळ, गच्चीखालचं सिलिंग हळूहळू ठोकत जा. घट्ट जागी आवाज टणक येतो. सुटलेल्या जागी ‘ढप ढप’. पोकळ भागाभोवती खडूने रेघ मारा, भेगा वेगळ्या रंगाने आखा. डोक्यावरचं ठोकताना बाजूला उभं राहून ठोका, टवका सरळ खाली येतो. पीओपी किंवा फॉल्स सिलिंग असेल तर निदान दोन-तीन ठिकाणी उघडून स्लॅब पाहिल्याशिवाय अंदाज बांधू नका.

पोकळ आवाज गिलाव्याचा की काँक्रीटचा हे ठरवायला एक जागा फोडावीच लागते. त्या ताज्या तुटलेल्या भागावरची धूळ पुसून फिनॉल्फथॅलीनचं १ टक्का द्रावण शिंपडा. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतं. गडद गुलाबी झालं तर क्षारता शाबूत आहे. रंग आलाच नाही तर तेवढ्या खोलीपर्यंत काँक्रीटने सळईची राखण सोडून दिली आहे. रंगहीन पट्टा सळईच्या पलीकडे गेला असेल, तर नुसता टवका भरून भागणार नाही, हे तिथेच कळतं. खारटपणा मात्र या चाचणीत दिसत नाही, त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो.

छज्जा आणि गॅलरी: इथे घाई नको

गच्चीकडे सगळ्यांचं लक्ष असतं. खिडकीवरच्या छज्ज्याकडे कोणाचंच नसतं, कारण त्याची वरची बाजू घरातून दिसत नाही. आणि नेमकं तिथेच सगळ्यात जास्त धोका आहे.

छज्जा आणि पुढे काढलेली गॅलरी हे एका बाजूने धरलेले, दुसऱ्या बाजूने लोंबणारे भाग. त्यांची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. साध्या स्लॅबमध्ये ती तळाला असते, म्हणून तिथे वरून आलेलं पाणी जाडी ओलांडूनच तिच्यापर्यंत पोचतं. छज्ज्यात वरचं १५-२० मिमी मुरलं की झालं. शिवाय ओतकामाच्या वेळी माणसं सळयांवरून चालतात, सळ्या दबून मधोमध किंवा खाली जातात, आणि कागदावरचा छज्जा जागेवर निम्म्या ताकदीचा तयार होतो. खालून टवका न पडतासुद्धा असा छज्जा मुळाशी मोडू शकतो. भिंतीला लागून, वरच्या बाजूने, लांबीभर जाणारी भेग दिसली की खालची जागा मोकळी करा आणि त्याच आठवड्यात स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. ती भेग पुट्टीने बुजवणं हा सगळ्यात वाईट पर्याय.

वजनाचंही बघा. १२ इंची कुंडी ओल्या मातीसकट २० किलोच्या पुढे जाते. बॉक्स ग्रिलमध्ये अशा आठ कुंड्या आणि जोडीला एसीचं बाहेरचं युनिट म्हणजे ७५ मिमी जाड छज्ज्यावर दोनशे किलोंच्या आसपास भार. तो सगळा बहुधा पुढच्या कडेजवळ, जिथून मुळावर सगळ्यात जास्त ताण येतो. कुंड्यांच्या खाली छज्जा कधी सुकतही नाही.

छज्ज्याच्या वरच्या बाजूला बाहेर उतार हवा. ६०० मिमी पुढे असलेल्या छज्ज्याला भिंतीपासून कडेपर्यंत १५ मिमी पडता उतार पुरतो. तो जुन्या काँक्रीटवर कोब्याचा (विटांचे तुकडे आणि सिमेंट-वाळूचा) जाड थर चढवून काढू नका, वजन वाढतं. गिलावा खरवडून पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने (सिमेंट-वाळूच्या मालाने) पातळ उतार काढा. छज्जा भिंतीला भेटतो त्या कोपऱ्यात ५० ते ७५ मिमीचा गोलसर वाटा मारा, म्हणजे पाणी काटकोनात रेंगाळणार नाही.

खालच्या बाजूला, पुढच्या कडेपासून साधारण २५-३० मिमी आत, १०-१२ मिमी रुंद खाच लांबीभर असायला हवी. हाच ड्रिप मोल्ड. ती नसेल तर पाणी कडेवरून वळून खालच्या अंगाने भिंतीपर्यंत सरकतं, आणि खिडकीच्या वर जी ओल दिसते ती तिथून आलेली असते. रंगाऱ्यांनी पंधरा वर्षांत चार वेळा रंग आणि पुट्टी मारून ही खाच बुजवलेली असते. कोरून साफ करा. मात्र खाच भिंतीपर्यंत नेऊ नका, दोन्ही टोकांना ५० मिमी आधी थांबवा, नाहीतर तीच पन्हळ बनून पाणी भिंतीवर आणून सोडते.

बऱ्याच इमारतींत खिडकीबाहेर फ्लॉवर बेड दिलेले असतात आणि ते आत घेऊन खोली वाढवलेली असते. त्या खोलगट स्लॅबचा पाणी जाण्याचा पाइप बहुधा लाद्यांखाली गाडला गेलेला असतो. बाहेरून शिरलेलं पाणी तिथे साठतं आणि खालच्या मजल्यावर उतरतं. खालच्या घरातल्या सिलिंगवर कितीही कोटिंग केलं तरी उपयोग नाही, वरचं उघडावं लागतं.

सळई उघडी पडली असेल तर

हे काम सगळ्यात जास्त बिघडतं, म्हणून जरा सविस्तर.

गॅलरी किंवा छज्जा फोडण्याआधी खालून टेके द्या, आणि एकाच मजल्यावर नव्हे: टेक्याचा भार खालच्या गॅलरीवर येणार असेल तर तिलाही टेका, असं भक्कम जमिनीपर्यंत. एका वेळी सगळी लांबी फोडू नका, पट्टे पाडून करा.

पोकळ भागाच्या कडेने ग्राइंडरने ८-१० मिमी खोल सरळ काप घ्या. कव्हर कमी असतं, ब्लेड सळईला लागता कामा नये. काप न घेता फोडलं तर कडा पातळ होत जातात आणि नवा माल त्या पातळ कडेपासूनच सुटतो. सळईच्या मागे बोट जाईल इतकं, म्हणजे २०-२५ मिमी, मोकळं करा. पुढची बाजू तेवढी घासून मागचा गंज तसाच ठेवला तर पॅच तीन-चार पावसाळ्यांत परत फुगतो. सळई जिथे स्वच्छ दिसू लागते त्याच्या पुढे आणखी ५० मिमी जा. याला कारण आहे: खारट काँक्रीटमध्ये मधोमध नवा पॅच बसवला की पॅचमधली सळई सुरक्षित होते आणि त्याच्या कडेची जुनी सळई जोरात गंजू लागते. पॅच शाबूत आणि त्याला लागूनच नवा टवका, असं दिसलं तर समजा की फोडकाम कमी पडलं होतं.

वायर ब्रशने, जमलं तर ग्राइंडरवरच्या वायर कपने, लोखंडाची चकाकी येईपर्यंत घासा. मग कॅलिपरने मापा. ८ मिमीची सळई ७ मिमी उरली तर ऐकायला एक मिलिमीटरच गेला, पण क्षेत्रफळ ५० वरून ३८.५ चौरस मिमीवर येतं, म्हणजे जवळजवळ पाव ताकद गेली. एवढी झीज असेल तर बाजूला नवी सळई जोडावी लागते, दोन्ही टोकांना व्यासाच्या ५० पट लॅप (जुन्या-नव्या सळईची शेजारी-शेजारी चालणारी लांबी), म्हणजे ८ मिमीला ४०० मिमी. किती आणि कुठे, हे इंजिनिअरने सांगायचं. कंत्राटदाराने अंदाजाने नाही.

सळईला झिंक असलेला इपॉक्सी प्रायमर किंवा सिमेंट-पॉलिमरचं गंजरोधक कोटिंग, दोन हात. पहिला हात वाळल्यावर दुसरा, आणि मागची बाजू विसरायची नाही. मग काँक्रीटचा खड्डा पाण्याने भिजवून वरचं पाणी पुसून घ्या: आतून ओलं, वरून चमक नाही असं. त्यावर एसबीआर पॉलिमर (रबरासारखं द्रव रसायन) एक भाग आणि सिमेंट दीड ते दोन भाग यांचा जोड-हात ब्रशने चोळा. तो चिकट असतानाच मॉर्टर भरायचं. वाळला तर तोच थर जोड तोडतो, पुन्हा चोळा.

मॉर्टरचं प्रमाण वजनाने: १ किलो सिमेंट, ३ किलो क्वार्ट्झ वाळू, १५० ते २०० ग्रॅम पॉलिमर, आणि लाडू वळला जाईल इतकंच पाणी. एक फूट बाय एक फूट आणि ४० मिमी खोल खड्ड्याला पावणेदोन किलो सिमेंट, सव्वापाच किलो वाळू आणि तीनशे ग्रॅमच्या आसपास पॉलिमर लागतं. डोक्यावरच्या कामात एका थरात १०-१५ मिमीहून जास्त भरू नका. जाड थर स्वतःच्या वजनाने किंचित लोंबतो, मागे फट राहते आणि ठोकलं की पुन्हा ढप. ४० मिमीचा खड्डा तीन थरांत भरा, प्रत्येक थर खरबरीत ठेवा. खोली ५० मिमीच्या वर गेली तर मॉर्टरचा नाद सोडून फळ्या लावून मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचं, सहज वाहणारं काँक्रीट) ओता.

क्वार्ट्झऐवजी कामावरची साधी रेती आणि पॉलिमरऐवजी जास्त पाणी, ही अदलाबदल सर्रास होते. जास्त पाण्याचा माल सुकताना आक्रसतो आणि कडेने केसासारखी भेग सोडतो. पिशव्या आणि कॅन समोर उघडायला लावा.

गच्ची

१०० चौरस मीटर गच्चीवर तासाला १०० मिमीचा पाऊस म्हणजे तासाला १०,००० लिटर, मिनिटाला जवळपास १६७ लिटर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी नोंदला गेला तो अपवाद सोडा. तासाभराची जोराची सर दर पावसाळ्यात येतेच. एवढं पाणी उतरवायला १०० मिमीचा एकच पाइप असेल तर गच्चीचं तळं होणार. ४०-५० चौरस मीटरला १०० मिमीचा एक पाइप धरा. तोंडावर सपाट जाळीऐवजी घुमटासारखी जाळी लावा. सपाट जाळीवर एक पिशवी किंवा बदामाची दोन पानं बसली की काम संपलं. पाइपच्या तोंडाभोवती साधारण दीड फूट बाय दीड फूट भाग २०-२५ मिमी खोल ठेवा आणि कोटिंग पाइपच्या आत १०० मिमी उतरवा. पीव्हीसीला सिमेंट धरत नाही, म्हणून पाइपभोवती २५ मिमीची खाच करून पॉलियुरेथेन सीलंट भरा. गच्चीच्या गळतीत ही एक जागा तपासली तरी बराच शोध वाचतो.

उतार किमान १०० ला १, म्हणजे ६ मीटरला ६० मिमी. पाऊस थांबल्यानंतर दोन दिवसांनीही जिथे पाणी उभं दिसतं तिथे खडूने आखून घ्या. उथळ खळगे पॉलिमर मॉर्टरने भरता येतात.

उतार पूर्णच चुकला असेल तर जुन्या ब्रिकबॅट कोब्यावर नवा कोबा चढवायचा सल्ला मिळतो. कारण फोडायचा खर्च आणि डेब्रिज उचलायचा त्रास वाचतो. हिशेब करा: १०० मिमी कोबा म्हणजे चौरस मीटरला जवळपास २०० किलो. वापरातल्या गच्चीचा स्लॅब माणसं-सामानासाठी साधारण १५० किलो प्रति चौरस मीटर भार धरून काढलेला असतो. म्हणजे दुसरा कोबा ती सगळी शिल्लक खाऊन वर ५० किलो उधार मागतो. शिवाय दोन कोब्यांच्या मध्ये अडकलेलं पाणी उन्हाळाभर खाली झिरपत राहतं. एप्रिलमध्ये सिलिंग ओलं दिसण्याचं हे एक कारण. जुना काढूनच नवा घाला.

नवा कोबा घालताना विटांचे तुकडे आदल्या रात्रीपासून पाण्यात भिजलेले हवेत, नाहीतर ते मॉर्टरमधलं पाणी ओढून घेतात. स्लॅब साफ करून सिमेंटची स्लरी, त्यावर १:४ (सिमेंट:वाळू) मॉर्टरचा १५-२० मिमी थर, त्यात विटा उभ्या, मधल्या सांध्यांत मॉर्टर, वर पुन्हा २० मिमीचा घोटलेला थर. लिक्विड वॉटरप्रूफिंग कंपाउंड साधारणपणे ५० किलोच्या गोणीला २०० मिली. जास्त घातल्याने जास्त फायदा होत नाही, उलट काही कंपाउंडमुळे माल उशिरा धरतो. कठड्याला वाटा मारून वॉटरप्रूफिंग ३०० मिमी वर चढवा आणि वरची कड गिलाव्यात खाच करून आत घ्या. कठड्याच्या माथ्याचा उतार गच्चीकडे, रस्त्याकडे नाही. बाहेरच्या भिंतीवर काळे ओघळ दिसतात ते याच चुकीचे.

क्युरिंगवर सगळ्यात जास्त चालढकल होते. हल्ली दुकानात मिळणारं सिमेंट बहुतेक पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं) असतं आणि ते सावकाश ताकद धरतं. आयएस ४५६ ओपीसीच्या (साध्या सिमेंटच्या) काँक्रीटला किमान ७ दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला १० दिवस ओलं ठेवायला सांगतं. कडक कोरड्या हवेत १० आणि १४. मे महिन्यात ‘सकाळी पाइप मारला’ याला क्युरिंग म्हणत नाहीत. आळी करून पाणी साठवा किंवा ओली पोती घाला. पॉलिमर मॉर्टरचं वेगळं असतं, ते थोडे दिवस ओलं ठेवून मग सुकू द्यायचं असतं. पाकिटावर लिहिलेले दिवस पाळा.

काम झाल्यावर पाइपची तोंडं बंद करून २५ मिमी पाणी ४८ तास साठवून पाहतात. १०० चौरस मीटरला हे अडीच टन होतात. ज्या स्लॅबमधून टवके पडतायत त्यावर ही चाचणी करू नका.

बादल्या मोजा

कोटिंगच्या जाडीचा हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक लिटर माल पसरला की ओला थर एक मिलिमीटर. ॲक्रिलिक कोटिंगमधलं पाणी उडून गेल्यावर साधारण निम्मा थर उरतो. गच्चीला वाळून अर्धा मिलिमीटर तरी हवा, म्हणजे चौरस मीटरला सगळे हात मिळून एक लिटर. ६०० चौरस फुटांची गच्ची ५६ चौरस मीटर, म्हणजे ५६ लिटर, जवळजवळ तीन बादल्या. एका बादलीत हजार फूट करून देतो म्हणणारा तुमच्या गच्चीला ०.१ मिमीचा रंग देतोय. रिकाम्या बादल्या मोजूनच पैसे द्या.

लावण्याआधी दीड फुटी चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून १६ तास ठेवा. सोडल्यावर खाली थेंब किंवा गडद डाग दिसला तर स्लॅबमध्ये ओल आहे. तशात लावलेलं ॲक्रिलिक उन्हात फुगतं. दुपारी बारानंतर तापलेल्या गच्चीवरही लावू नका, वरची साय धरते आणि खालचं ओलं अडकतं. सकाळी लवकर सुरू करा. दुसरा हात पहिल्याला आडवा.

सिलिंगला खालून डँपप्रूफ रंग लावण्याबद्दल एकच सांगतो: पाणी वरून येतच राहतं, आता त्याला बाहेर पडायला जागा नसते, आणि सळई जास्त काळ ओली राहते. डाग लपतो एवढंच.

भिंती आणि भोकं

आपल्याकडचा पाऊस पश्चिम-नैऋत्येकडून तिरका येतो, म्हणून त्या बाजूच्या भिंती आणि खिडक्या आधी घ्या. बीम आणि वीटकाम भेटतात त्या आडव्या रेषेवर भेग हमखास असते, कारण दोन्ही तापमानाने वेगवेगळी हलतात. नवा गिलावा करताना तिथे ३०० मिमी रुंद चिकन मेश (बारीक तारेची जाळी), दोन्हीकडे १५० मिमी येईल अशी. भेग हलती असेल तर सिमेंट भरून फायदा नाही, लवचिक सीलंट लागतो. खिडकीच्या फ्रेमभोवतीही तेच.

एसीच्या पाइपचं भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडायला सांगा. सरळ किंवा आत उतरतं पाडलं तर पाऊस त्यातूनच घरात येतो. डिशचे, ग्रिलचे जुने बोल्ट नुसते कापू नका. लोखंड आत राहतं आणि फुगतं. काढून भोक पॉलिमर मॉर्टरने भरा.

नवी मुंबईतल्या रो-हाउसमध्ये आणखी एक जागा: एकाने मजला वाढवला, शेजाऱ्याने नाही, तर दोन घरांमधली ती फट आणि नवी उघडी भिंत. फटीवर उतरता पत्रा बसवून त्याची वरची कड भिंतीच्या खाचेत घ्या. नव्या-जुन्या काँक्रीटच्या जोडावर आधी खाच करून सीलंट, मग कोटिंग.

आणि कृपा करून ॲसिड नको. शेवाळ काढायला बाजारातलं लाद्यांचं ॲसिड आणि पिंपळ मारायला मीठ हे दोन्ही उपाय घरोघरी चालतात. ते ॲसिड हायड्रोक्लोरिक असतं. ॲसिड क्षारता मारतं, आणि दोन्हींमधलं क्लोराइड थेट सळईला पोचतं. शेवाळ प्रेशरच्या पाण्याने आणि ताठ ब्रशने काढून बुरशीनाशक लावा. पिंपळ वरून छाटला तर दुप्पट फुटतो. मुळाभोवतीचा गिलावा फोडून मूळ पूर्ण ओढून काढा, मगच भरा.

केव्हा आणि कोणाच्या खर्चाने

मुंबई परिसरात मान्सून येण्याची सरासरी तारीख ११ जून. सोसायटीचे निविदा-कोटेशनचे कागद एप्रिलमध्ये फिरू लागले तर फोडकाम मेमध्ये आणि क्युरिंग पावसात, हे ठरलेलंच. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. ठराव तिथेच करून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सळई आणि काँक्रीटचं काम उरका, मार्च-एप्रिलमध्ये कोटिंग.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती आणि छताची स्ट्रक्चरल दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने. सदस्याच्या नहाणीतून किंवा मोरीतून होणारी गळती सदस्याची. ३० वर्षांवरील इमारतीला महापालिका कायद्याच्या कलम २६५-अ खाली स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं. त्यात सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-१ म्हणजे रिकामी करून पाडणे. सी-१ शेरा आलेल्या इमारतीच्या गच्चीवर कोटिंगसाठी वर्गणी काढू नका.

जूनमध्ये गळायला लागलंच तर

चालू पावसात कोटिंग करू नका. गच्चीवरच्या जाळ्या साफ करा, ताडपत्री टाका, पण तिला कठड्यापर्यंत उतार द्या आणि कडा दगडांऐवजी वाळूच्या पिशव्यांनी दाबा. पंख्याच्या किंवा दिव्याच्या पेटीतून पाणी येत असेल तर त्या भागाचा एमसीबी आधी पाडा; स्लॅबमधला वायरचा पाइप पाणी लांबवर वाहून आणतो, म्हणून तिथे थेंब पडला याचा अर्थ गळती तिथेच आहे असा नाही.

ओल दिसली की तिची कड पेन्सिलीने आखा आणि शेजारी तारीख, त्या दिवशी वारा होता का, सर किती वेळ चालली ते लिहा. पावसानंतर अर्ध्या तासात ओल वाढली तर वाट जवळची आणि मोठी, बहुधा पाइपचं तोंड किंवा भेग. दोन दिवसांनी वाढली तर पाणी कोब्यात साठून येतंय. वारा असतानाच वाढत असेल तर गच्ची सोडा, नैऋत्येची भिंत बघा. पावसाशी काहीच संबंध दिसत नसेल तर वरच्या घराची नहाणी. ऑक्टोबरात कंत्राटदार येईल तेव्हा ही पेन्सिलीची रेघ रंगाऱ्याच्या हाताखाली गेलेली नसावी. फोटो काढून ठेवा.